तंबोऱ्याच्या मास्तरांनी शिवलेलं गोल्फ-बॅगचं कव्हर

व्यावसायिक गोल्फच्या टूरवर नव्यानं आलेली पोरं विचारतात, दादा, बॅगेला प्रवासाचं कव्हर कुठलं घेऊ? मी म्हणतो, घेऊ नकोस, शिवून घे. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या अलीकडच्या एका बोळात एक मास्तर आहेत. तंबोरे, सतारी, ढोल-ताशे यांची कव्हरं शिवतात. माझ्या गोल्फ-बॅगेचं कव्हर त्यांच्याच मशीनवरचं. दुकानाचं नाव देत नाही, कारण त्यांनीच बजावलंय, "तुझ्या काठ्यांचं काम हौसेनं केलं, आता इथं रांग लावू नकोस." बोळात शिरलात की ढोलाची रिकामी कव्हरं टांगलेली दिसतील, तेच दुकान.

कव्हरावर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. प्रोफेशनल गोल्फर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि पंचतारांकित हॉटेल येतं. पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला तेव्हा आमच्या वस्तीतल्या लोकांनाही पहिल्यांदा कळलं की हे पोटापाण्याचं काम असू शकतं. पण पीजीटीआयवर, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरवर, खालच्या नंबरांत खेळणाऱ्याचा हिशेब वेगळा. तिकीट आपलं, खोली आपली, बॅग उचलणाऱ्या कॅडीचे पैसे आपले. पहिल्या ३६ होलनंतर, म्हणजे दोन दिवसांच्या खेळानंतर, कट लागतो. पहिले ५० आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात, बाकीच्यांना एक रुपया नाही. १ कोटीच्या स्पर्धेत जिंकणारा १५ लाख नेतो, आणि एका स्ट्रोकनं कट हुकलेला परतीच्या तिकिटाचा भाव बघत बसतो. अशात दिग्बोईला पोचून बॅग उघडावी आणि ड्रायव्हरची, म्हणजे सगळ्यात लांब काठीची, मान मोडलेली निघावी! आपल्या मापाचा शाफ्ट, म्हणजे काठीचा दांडा, आसामात रात्रीतून कुठून आणायचा? माझ्या बाबतीत हे झालंय, विमान कंपनीचं नाव घेत नाही. तेव्हाचं कव्हर ऑनलाइन मागवलेलं होतं. चकचकीत, जाडजूड, आणि जिथं जाडी हवी तिथं नेमकं पातळ.

मास्तरांकडे मी रिकामं कव्हर घेऊन गेलो नाही, सगळी बॅगच नेली. तशी अटच आहे त्यांची. माप कागदावर आणाल तर परत पाठवतात. त्यांनी ड्रायव्हर हातात घेतला, उलटा केला, डोकं आणि दांडा जुळतात तिथं अंगठा फिरवला आणि विचारलं, "मोडतं ते इथंच ना?" मी बघत राहिलो. "तंबोऱ्याचंही असंच. भोपळा सगळे सांभाळतात, मान कोणी सांभाळत नाही." मग जमिनीवर खडूनं आकृती काढून त्यांनी मला दाखवलं: बॅग डोक्यावर आपटली की मार डोक्याला नाही, मानेला बसतो. म्हणून वरच्या टोकाला नुसता फोम भरून भागत नाही, तिथं मोकळी जागा लागते. माझा ड्रायव्हर ४५ इंची. त्यांनी कव्हर ५१ इंची धरलं आणि आत, बॅगेच्या मधोमध, सगळ्या क्लबांपेक्षा, म्हणजे काठ्यांपेक्षा, उंच उभा राहील असा ॲल्युमिनियमचा पाइप ठेवायला सांगितला. आपटलं तर पाइप आपटेल. असे दांडे बाजारात तयार मिळतात, पण मास्तरांनी शेजारच्या दुकानातून पडद्याचा पाइप आणून तिथल्या तिथं कापून दिला.

कापड मॅटीचं, आतून फोम, तळाला पीव्हीसी शीट, चेन दहा नंबरची, पट्टे दोनदा शिवलेले. वजन अडीच किलोच्या आत. हे महत्त्वाचं, कारण देशातल्या विमानात साधारण १५ किलोच सामान फुकट जातं. चौदा क्लब, म्हणजे नियमानं चालतात तेवढे, सहा किलोच्या आसपास. हलकी स्टँड बॅग दोन किलो. बॉल ४६ ग्रॅमच्या आत असतो, पण तीन डझन म्हटले की दीड किलोच्या वर जातात. बूट, छत्री, रेनसूट धरून मी काट्यावर चौदाला थांबतो. कडक डब्याचं कव्हर घेतलं तर ते एकटंच पाच-सहा किलो खातं, मग दर विमानाला जादा वजनाचे पैसे. ज्यांना स्पॉन्सर आहे त्यांनी खुशाल डबा घ्यावा.

जमशेदपूरला मी आझाद हिंद एक्स्प्रेसनं जातो, पुण्यात बसलं की थेट टाटानगर, म्हणजे जमशेदपूरचं स्टेशन. कव्हर खालच्या बर्थखाली आडवं सरकतं. मास्तरांनी सवयीनं कडेला मरून पाइपिंग लावलंय, त्यामुळे शेजारचे हमखास विचारतात, "गाणं म्हणता का?" एका आजींनी तर अभंगाची फर्माईशच केली. आत लोखंडाच्या काठ्या आहेत म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच वाईट वाटलं.

आता तक्रारी. चाकं बेकार आहेत. मास्तरांचा तो प्रांत नाही. बॅगवाल्यांकडची छोटी चाकं त्यांनी बसवून दिली, ती स्टेशनबाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर खडखडतात आणि एक तिरकं झालंय. त्यापेक्षा चाकं नकोतच म्हणा आणि खांद्याचा पट्टा रुंद मागा. मी येरवड्याच्या कोर्सवर कॅडी होतो, मला उचलायची सवय आहे, तुमचं तुम्ही बघा. कव्हर आपलं आपण उभं राहत नाही, काउंटरवर भिंत शोधावी लागते. पावसात शिलाईतून ओल येते, म्हणून ग्लोव्ह प्लास्टिकच्या पिशवीत. रेंजफाइंडरसाठी, म्हणजे अंतर मोजायच्या यंत्रासाठी, त्यांनी प्रेमानं एक खिसा दिलाय, मी तो वापरत नाही. बॅटरीचं आणि नाजूक सामान हातातल्या बॅगेतच बरं. ड्रायव्हरचं डोकं पान्यानं काढून मोज्यात गुंडाळून त्या खिशात ठेवतो, तेवढा त्याचा उपयोग.

बाहेरच्या कंपन्यांची पाय उघडणारी, चार चाकांची कव्हरं मी टूरवर बघितलीत. विमानतळावर ती एका बोटानं ढकलत नेतात, हेवा वाटतो. पण वीस हजारांच्या पुढची गोष्ट आहे, आणि चेन गेली तर दुरुस्ती कोण करणार? माझं चार हजार आठशेत झालं, पाइप धरून. मध्ये रनर निसटला तर मास्तरांनी चहा संपायच्या आत बदलून दिला आणि पैसे घेतले नाहीत.

घाई असेल तर एकच सांगतो: गणपतीच्या आधी जाऊ नका. पथकांची कव्हरं दुकानात छताला लागलेली असतात आणि मास्तर मान वर करून बघतही नाहीत. विसर्जनानंतर आठवड्याभरानं जा, बॅग पूर्ण भरून न्या, आणि ड्रायव्हर लांब शाफ्टचा असेल तर आधीच सांगा, नाहीतर पाइप पुन्हा आणावा लागेल. रोख न्या.