चोर्ला-आंबोली घाटांच्या पावसात हलकी छोटी गाडी की जड एसयूव्ही?

बेळगाव-खानापूर भागात गाडी घ्यायचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "हलकी गाडी पावसात घसरते, जरा वजनदार बघा." या वजनापायी काही लाख रुपये जादा जातात. म्हणून ते घालण्याआधी गाडी घसरते कशामुळं, ते बघू. उदाहरणाला ऑल्टो के-१० आणि ब्रेझा घेतो. पहिली साडेसातशे किलोच्या आसपास, दुसरी अकराशेच्या घरात.

जड गाडीचं चाक रस्त्यावर जास्त दाबलं जातं, हे खरं. पण ब्रेक मारल्यावर थांबवायचं वजनही तेवढंच जास्त असतं. फायदा आणि तोटा एकमेकांत फिटतात. सारख्या दर्जाचे टायर असतील तर ओल्या डांबरावर केवळ जड आहे म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस आता दोन्हींत असतंच, आणि गाडी वळणावर भरकटू लागली की सावरणारं ईएसपीसुद्धा २०२४ पासून ऑल्टोत सर्व प्रकारांत येतं. त्याआधीची जुनी ऑल्टो घेत असाल तर हा मोठा फरक धरा.

खरी पकड टायरची. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागला की स्टेअरिंग हलकं पडतं आणि गाडी हातात राहत नाही. विमानांच्या टायरवरून काढलेल्या एका जुन्या हिशेबानुसार ही वेळ कोणत्या वेगाला येते ते गाडीच्या वजनावर नाही, टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरतं: ३० पीएसआयला ताशी ९० किलोमीटरच्या आसपास, २४ ला ८० च्या थोडं वर. टायर गुळगुळीत असेल तर धोका जास्त. त्यात ऑल्टोचा टायर १४५ मिलिमीटर रुंद, ब्रेझाचा २१५. अरुंद टायर पाणी कापत जातो, रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. छोट्या गाडीची ही जमेची बाजू शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

काश्मीर-लडाखच्या बर्फातही असंच घडतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळं तिकडं नोकरी केलेलं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. थोड्या बर्फात अरुंद टायर खाली रुतून पकड शोधतो. बर्फ खोल झाला की मात्र हलकी, बुटकी गाडी पोटावर बसते आणि चाकं नुसती फिरतात. आपल्याकडं बर्फ नाही, पण चाकोरी आहे. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या वाडीत किंवा अथणी-रायबागच्या काळ्या रानात ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोरीचा मधला उंचवटा ऑल्टोच्या पोटाला लागतो. तिथं जमिनीपासून ऑल्टोच्या १६० आणि ब्रेझाच्या २०० मिलिमीटर उंचीतला फरक पदोपदी जाणवतो. तरीही एक समज काढून टाका: ब्रेझा, नेक्सॉन यांची पुढची दोनच चाकं ओढतात. चारही चाकं ओढणारी गाडी हवी तर जिम्नी किंवा फोर बाय फोर थारसारख्या गाडीकडं जावं लागेल.

घाटात मला छोटी गाडीच जास्त पटते. ऑल्टो १४९० मिलिमीटर रुंद, ब्रेझा १७९०. चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीच्या पुढं धुकं उतरलेलं असताना वळणावर समोरून ट्रक आला, तर ही ३० सेंटिमीटर जागा फार मोलाची असते. चार माणसं आणि सामान घेऊन दाणोलीकडून आंबोली चढताना इंजिन कुरकुरतं, दुसऱ्या गिअरवर यावं लागतं, एवढंच. उतरतानाही दुसऱ्या गिअरवरच उतरा, सतत ब्रेक दाबून तो तापवू नका. हे दोन्ही गाड्यांना लागू.

हायवेवर माझं मत बदलतं. निपाणी-कोल्हापूर रोज ये-जा असेल, तवंदी घाटातून रात्रीचं येणं असेल, तर जड गाडी घ्या. बाजूनं ट्रेलर गेला की हलकी गाडी वाऱ्यानं हलते, आणि टक्कर झालीच तर जास्त वजनाची, मजबूत सांगाड्याची गाडी आतल्या माणसांना जास्त वाचवते. इथं पैसे वाचवू नका.

पुराच्या पाण्यात मात्र दोघींवरही भरवसा ठेवू नका. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड या बंधाऱ्यांवर पावसाळ्यात पाणी येतं. २०१९ आणि २०२१ मध्ये तर यमगर्णीजवळ हायवेच बंद झाला होता. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलायला पुरतं, दोन फुटांत बहुतेक एसयूव्हीही वाहून जातात.

तेव्हा शहरात राहून महिन्याकाठी गोवा, सावंतवाडी करणाऱ्यांनी छोटी गाडी घ्यावी आणि वाचलेल्या पैशातून दर पावसाळ्यापूर्वी टायर तपासावेत. कायद्यानं १.६ मिलिमीटर नक्षी चालते, पण चोर्ल्यासाठी मी ३ च्या खाली गेलेला टायर ठेवणार नाही. वायपरची रबरंही तेव्हाच बदला. घरापर्यंत कच्चा रस्ता असेल किंवा रोजचा हायवे असेल, तर ब्रेझासारखी गाडी बघा. आणि ट्रायल कोरड्या दुपारी कॅम्पातल्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. पाऊस पडत असताना, घरची चार माणसं बसवून जांबोटीपर्यंत नेऊ द्या म्हणून शोरूमवाल्यांना आधीच सांगा.