क्लिअरफिल एसई बॉन्ड: दोन बाटल्या, पण पकड भारी

दाताच्या रंगाचं फिलिंग नुसतं कंपोझिट (म्हणजे फिलिंगचं मटेरियल) चांगलं असून टिकत नाही हो, खरं काम खालच्या बॉन्डचं, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवणाऱ्या द्रवाचं असतं आणि त्यात मला क्लिअरफिल एसई बॉन्डच सगळ्यात भरवशाचा वाटतो. यातला एमडीपी हा घटक दातातल्या कॅल्शियमला रासायनिक पकडतो, त्यामुळे डेंटिनवर, म्हणजे दाताच्या आतल्या थरावर, जिथे ओलावा असतो आणि बरेच बॉन्ड गडबडतात, तिथे हा मस्त बसतो. एका बाटलीतला प्रायमर (दात बॉन्डसाठी तयार करणारा द्रव) 20 सेकंद ठेवायचा, धुवायचा अजिबात नाही, हवेने सुकवून मग दुसऱ्या बाटलीतला बॉन्ड आणि तो कडक करायला लाइट.

इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरावर मात्र जरा कमी पडतो, प्रायमरचं ॲसिड सौम्य आहे ना, म्हणून इनॅमलच्या कडांना आधी फॉस्फोरिक ॲसिड लावून धुऊन घ्या, डेंटिनवर मात्र ते जाऊ देऊ नका. आणि लाळ लागली तर कुठलाच बॉन्ड धरत नाही, रबर डॅम (दात कोरडा ठेवणारा रबरी पडदा) लावाच.