मण्यांचा आय मास्क: शेक उत्तम, पण पट्टा सैलच बांधा

स्क्रीनवर काम करणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात तेव्हा बहुतेक जण थेंबांची बाटली शोधतात. पण बऱ्याचदा कमतरता पाण्याची नसते, त्यावरच्या तेलाच्या थराची असते. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० असतात. तेल घट्ट होऊन तोंडाशी अडकलं की अश्रू भराभर सुकतात. मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचा, मणी भरलेला मास्क हे तेल पातळ करण्यासाठीच आहे आणि ते काम तो चोख करतो.

गरम पाण्यात पिळलेला रुमालही चालतो, पण तो दोन-तीन मिनिटांत गार होतो. पापणीला हवी असते साधारण ४० अंश सेल्सिअसची ऊब, तीही सलग दहा मिनिटं. मास्कची खरी किंमत या टिकाऊ उबेत आहे.

गरम करताना मात्र घाई नको. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा पाच सेकंद कमीच ठेवा, कारण प्रत्येक मायक्रोवेव्हची ताकद वेगळी असते. मास्क बाहेर काढला की मणी बोटांनी चाळवून घ्या. नाहीतर एक कोपरा चटका देतो आणि दुसरा कोमटच राहतो. मग मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. तिथे सुखद वाटला तरच डोळ्यांवर ठेवा. लेन्स आणि मेकअप आधी काढलेला हवा. वापरून झाल्यावर मास्क उघड्यावर ठेवा: मणी हवेतला ओलावा शोषतात आणि पुढच्या वेळी तोच वाफेसारखा सोडतात. लगेच पुन्हा तापवला तर शेक कोरडा मिळतो.

रचनेतला मोठा दोष म्हणजे इलॅस्टिकचा पट्टा. घट्ट बांधला की बुबुळावर दाब येतो आणि मास्क काढल्यावर काही वेळ धूसर दिसतं. आडवं पडून, पट्टा न लावता नुसता ठेवलेला मास्क सगळ्यांत चांगला. घ्यायचाच तर दोन डोळ्यांना वेगळे कप्पे असलेला आणि कव्हर निघणारा, धुता येणारा घ्या. हवेच्या पिशव्यांनी डोळे दाबणारे विजेवरचे मसाजर आम्ही सुचवणार नाही; डोळ्याला दाबाची गरजच नसते.

शेकल्यावर पुढची दोन मिनिटं फुकट घालवू नका. स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच निपटा. बुबुळ दाबू नका. मग डोळे अलगद मिटा, दोन सेकंद थांबा, उघडा. पुन्हा मिटा, या वेळी किंचित आवळा आणि उघडा. असं दहा वेळा. स्क्रीनकडे पाहताना पापण्या कमी मिटतात आणि मिटल्या तरी अर्ध्यावरूनच परततात, त्यामुळे सुटं झालेलं तेल पसरतच नाही. म्हणून हा व्यायाम दिवसाही दर तासाला करावा. त्याच्या जोडीला दर २० मिनिटांनी २० सेकंद सहा मीटरपलीकडे पाहावं. त्याने जवळचं पाहून ताठलेले स्नायू सैलावतात. चष्म्याचा नंबर यातल्या कशानेच उतरत नाही, मास्कच्या पाकिटावर काहीही छापलेलं असो.

डोळा लाल होऊन चिकट स्राव येत असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल किंवा त्वचेला गरम-गार नीट कळत नसेल, तर हा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. काचबिंदू असलेल्यांनीही आधी विचारावं. शिवण उसवून मणी बाहेर येऊ लागले किंवा जळका वास आला की मास्क टाकून द्यावा, शिवून पुन्हा वापरू नये.