चौदा महिने सरकारी प्रयोगशाळेत: उणे ऐंशीचा फ्रीजर आणि माझे २,४६० रुपये

या जुलैत रात्री पावणेबाराला गेटवरच्या दादांचा फोन आला, "मॅडम, तुमच्या फ्रीजरची शिट्टी वाजतीय, थांबतच नाहीये." तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

संस्थेचं नाव देत नाही. केंद्र सरकारची, माणसांच्या आजारांवर काम करणारी. मी तिथे प्रोजेक्ट टेक्निकल सपोर्ट-३ या पदावर आहे, २८,००० आणि वर घरभाडे भत्ता. मुदतवाढ सहा-सहा महिन्यांची, आणि तिची फाईल फिरत असली की त्या महिन्याचा पगारही तिच्याबरोबर फिरतो. अर्ज, मुलाखत वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडते. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) कोरोनाचा विषाणू वेगळा केल्याची बातमी आली तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सरकारी प्रयोगशाळेतच काम करायचं हे त्या दिवशी ठरलं, आणि ते अजून बदललेलं नाही.

आता फ्रीजर. आमच्या फ्रीजरमध्ये सातपुड्यातल्या पाड्यांवरच्या गरोदर बायांचं सिरम आहे, म्हणजे रक्तपेशी आणि गुठळी काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग. अशक्तपणा आणि सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी कोयत्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, असा अभ्यासाचा विषय. तिसऱ्या महिन्यात घेतलेलं रक्त बिघडलं तर ते परत मिळत नाही, कारण तोवर ती बाई सातव्या महिन्यात गेलेली असते नाहीतर बाळंत झालेली असते. त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणजे लाखालाखांची यंत्रं नव्हेत, तर अर्ध्या मिलिलिटरच्या कुप्या.

फ्रीजर उणे ८० अंशांवर राहायला हवा, मी पोचले तेव्हा आकडा उणे ५८ दाखवत होता. या फ्रीजरमध्ये दोन कॉम्प्रेसर एकामागे एक काम करतात. पहिला बसला की दुसऱ्याच्या हातात काही राहत नाही. आमचा पहिला बसला होता. देखभालीचा वार्षिक करार ३१ मार्चला संपलेला. नूतनीकरणाची फाईल मी फेब्रुवारीतच दिली होती, ती दोनदा शेरा मारून परत आली. मधल्या काळात मागची जाळी मीच ब्रशने साफ करत होते, दर पंधरा दिवसांनी.

कुप्यांचे चोवीस डबे होते, प्रत्येकात ८१ खण. शेजारच्या विभागाच्या फ्रीजरमध्ये सोळा डब्यांची जागा होती. त्यांचे अटेंडंट काका कॅम्पसमध्येच राहतात, ते चावी घेऊन आले. उरलेले आठ डबे त्याच दिवशी एका पार्सलबरोबर आलेल्या कोरड्या बर्फात (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये), थर्माकोलच्या खोक्यात ठेवले. सगळं पस्तीस मिनिटांत झालं.

इथे मला एका बाबतीत मत बदलावं लागलं. आमचे तांत्रिक अधिकारी सर कोणता डबा कोणत्या रॅकवर आहे याची वही पेन्सिलने लिहायला लावायचे. संगणकावर सगळं असताना हा वेळेचा अपव्यय आहे असं मी पहिल्यापासून म्हणत आले. त्या रात्री सर्व्हर बंद होता. ओल्या हातमोज्यांनी वहीची पानं उलटली, शाई असती तर फुटली असती, पेन्सिल तशीच राहिली. दार किती वेळा उघडायचं आणि कोणता डबा आधी काढायचा हे त्या वहीमुळेच ठरवता आलं. ती वही मी आता रोज लिहिते.

पण सकाळपर्यंत खोक्यातला बर्फ निम्म्यावर आला होता. वीस किलो आणायचा तर आधी मंजुरी हवी, आणि सही करणारे दौऱ्यावर. मी माझ्या खिशातून आणला. रिक्षा धरून २,४६० रुपये. ते बिल "पूर्वमंजुरी नाही" असा शेरा घेऊन परत आलं. पुन्हा दिलं. आज चार महिने झाले, पैसे मिळालेले नाहीत. माझी खोली ९,००० ची आहे, घरी ८,००० पाठवते. ही रक्कम मला लहान वाटत नाही, आणि वाटावी अशी अपेक्षाही कोणी करू नये.

जेमवरच्या, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारावरच्या, खरेदीबद्दल आधी मी फार कडवट होते. सगळ्यात स्वस्त दराच्या कुप्या आल्या, त्यांची झाकणं थंडीत सैल होत होती. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधन संस्थांसाठी विनाकोटेशन (दरपत्रकं न मागवता) खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली, संस्थाप्रमुखांना जेमबाहेर घेण्याची मुभाही दिली. आता कुप्या आम्ही पारखून घेतो. हा बदल खरोखर जाणवला. पण दोन लाखांचे अधिकार वर वाढले, तरी रात्री बारा वाजता प्रयोगशाळेत जो माणूस उभा असतो त्याच्या हातात दोन हजारसुद्धा नाहीत. प्रत्येक विभागात पाच हजारांची कायम अग्रिम रक्कम, म्हणजे अडीनडीला लगेच वापरता येतील असे आधीच दिलेले पैसे, असावी. हिशोब वहीत ठेवू, पेन्सिलने नको तर पेनने.

माणसांवरच्या अभ्यासांना परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीवरही मी चिडले होते, संमतीपत्रकावर चार महिने घेतले म्हणून. त्यांनी ते तिथल्या पावरी बोलीत वाचून दाखवायची अट घातली. धडगावकडच्या एका पाड्यावर आशाताई वाचत होत्या, तेव्हा एका बाईने मध्येच विचारलं, माझं रक्त ठेवणार कुठे आणि किती दिवस? मराठी कागदावर तिने नुसता अंगठा दिला असता. मी तिला सांगितलं, बर्फापेक्षाही थंड कपाटात, पाच वर्षं, कुलपात. फोन आला त्या रात्री जिना चढताना मला हेच आठवत होतं.

नोकरी घ्यावी का, असं विचारणाऱ्या मुलांना सांगते: काम शिकायला मिळतं, माणसं जाणती आहेत, घ्या. मात्र तीन महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

कॉम्प्रेसर सप्टेंबरात बदलला. आज फ्रीजर उणे ७९ वर आहे. देखभालीच्या करारावर अजून सही नाही, आणि जानेवारीत पाड्यांवरून पुढचे सहा डबे यायचे आहेत.