कंपनीचा एअर बॉक्स की बाहेरचा इनटेक?

हायब्रिड पिकअपला (इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) तेल लावलेल्या सुती फिल्टरचा, बाजारातून वेगळा घेतलेला इनटेक (इंजिनात हवा नेणारा भाग) बसवावा की कंपनीचा बंद एअर बॉक्स (फिल्टरची बंद पेटी) आणि कागदी फिल्टरच ठेवावा, हे गाडी कुठे चालते यावर ठरते. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत इंजिन वारंवार आपोआप बंद होते आणि सुरुवातीचा जोर मोटर देते. त्यामुळे नव्या इनटेकचा फरक जाणवलाच तर कसारा घाट चढताना, तोही बहुधा आवाजातच (तो आवाज मला आवडतो, हे मान्य). उलट उघडा फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि धुतल्यानंतर तेल जास्त लागले, तर ते हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर चिकटते. कागदी फिल्टर धुता येत नाही, बदलावाच लागतो; तरी अंबडच्या धुळीत मी तोच ठेवीन.