टीएमपीएफएस, आठ महिन्यांनंतर: ९६ टक्के रिकामं, तरी ‘जागा नाही’

टीएमपीएफएस म्हणजे लिनक्समधली रॅममध्येच फायली ठेवणारी फाइल प्रणाली. मी ती आठ महिने वापरतोय. एकदा रात्री पावणेबाराला काम अडलं. पडद्यावर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. डीएफ (किती जागा भरली ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं, तर ३ जीबीपैकी जेमतेम ४ टक्के भरलेलं. तासभर मी रॅमलाच दोष देत बसलो होतो. मग डीएफला आय जोडून पाहिलं आणि तिथे स्वच्छ दिसलं: आयनोड, म्हणजे दर फाइलमागे लागणारी एकेक नोंद, १०० टक्के संपलेले.

जुन्या मराठी छापील पानांच्या ओळी कापून मी टेसरॅक्टला, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, शिकवतो. एका ओळीमागे चार फायली होतात: चित्र, खरा मजकूर, बॉक्स (अक्षरांच्या जागा) आणि एलएसटीएमएफ (शिकवण्यासाठीची तयार फाइल). माउंटची, म्हणजे ही प्रणाली जोडण्याच्या आज्ञेची, ओळ मी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) दस्तऐवजातल्या उदाहरणावरून उचलली होती. त्यात साइझ १०जी आणि एनआर_आयनोड्स १०के असं दिलंय. मी फक्त साइझ बदलली. १०के म्हणजे १०,२४०. भागिले चार, म्हणजे अडीच हजार ओळींत खेळ खलास. हा पर्याय लिहिलाच नसता, तर रॅमच्या एकूण पानांच्या (४ केबीच्या तुकड्यांच्या) निम्मे आयनोड आपोआप मिळाले असते. माझ्या ८ जीबीवर साधारण १० लाख. १० जीबीच्या साइझशेजारी इतका तुटपुंजा आकडा उदाहरणात का ठेवावा, याचा मला अजूनही राग येतो. लोक उदाहरणंच उचलतात. एक बरं, रिमाउंट करून (चालू असतानाच पुन्हा जोडून) मर्यादा वाढवता येते आणि आतल्या फायलींना धक्का लागत नाही. त्या रात्रीचं काम त्यामुळेच वाचलं.

आता वेगाबद्दल. सुरुवातीला मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो की लिहिणं कैक पटींनी जलद होतं. ते मागे घेतो. एक्स्ट४ या लिनक्सच्या नेहमीच्या डिस्कवरच्या फाइल प्रणालीवरही लिहिलेलं आधी रॅममधल्या कॅशमध्येच जातं, त्यामुळे छोट्या फायलींत मला फारसा फरक जाणवला नाही. फरक पडतो तो एफसिंक (लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचवायला लावणं) करणाऱ्या कामांत, कारण इथे त्याला करण्यासारखं काहीच नसतं. डीडी या फाइल लिहिण्याच्या आज्ञेने वेग मोजणार असाल तर ब्लॉक १ एमबीचा घ्या. ५१२ बाइटचा घेतलात तर सिस्टम कॉलचाच (दर वेळी कर्नलला हाक मारण्याचा) खर्च मोजला जातो. आणि तीच फाइल आधी रिकामी न करता (कॉन्व्ह=नोट्रंक लावून) दुसऱ्यांदा लिहून बघा. पहिल्या खेपेला पानं मिळवण्यात वेळ जातो. नोएटाइम (फाइल वाचल्याची वेळ न नोंदवणारा पर्याय) लावून माझ्याकडे काडीचा फरक पडला नाही. ह्यूज=ऑलवेज (नेहमी मोठी पानं वापरा) लावलं, तर दीड-दोनशे बाइटच्या मजकुराच्या फायलींसाठीही २ एमबीची पानं अडकू लागली. दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. मोठ्या फायली असतील तर विदिन_साइझ (फाइलच्या आकारात बसेल तरच मोठं पान) लावून बघा.

मग मी हे वापरतो कशासाठी? एसएसडीसाठी. ती पदरचे पैसे मोजून घेतलीय आणि पुन्हा पुन्हा बनवून फेकायच्या फायलींनी ती झिजवणं मला पटत नाही. पण इथेही चार महिने मी गाफील होतो. रॅमवर ताण आला की टीएमपीएफएसमधला माल स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत) जातो, आणि माझा स्वॅप त्याच एसएसडीवर! हे थांबवणारा नोस्वॅप हा पर्याय कर्नल ६.४ पासून, म्हणजे २०२३ पासून आहे. मी वापरतो त्या डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीतल्या कर्नल ६.१ मध्ये तो नाही. डेबियन १३ वर आल्यावर लगेच लावला. तिथे /टीएमपी हे तात्पुरत्या फायलींचं फोल्डर सुद्धा आपोआप टीएमपीएफएसवर असतं आणि त्याची मर्यादा निम्म्या रॅमची. दोन्हींची बेरीज करूनच साइझ ठरवा. साइझ ही नुसती कमाल मर्यादा असते, तेवढी रॅम कुणी राखून ठेवत नाही. रॅमएफएस या रॅममधल्याच दुसऱ्या फाइल प्रणालीच्या वाटेला तर जाऊच नका. त्याला साइझची मर्यादा घालताच येत नाही, आणि एका चुकलेल्या लूपने माझा लॅपटॉप बटण दाबून बंद करावा लागला होता.

सध्या साइझ ३जी, नोस्वॅप, आणि आयनोडचा रकाना कोरा. तयार झालेलं मॉडेल दर तासाला आरसिंक या फायली उतरवणाऱ्या आज्ञेने डिस्कवर जातं. ओळी आता अकरा हजारांवर गेल्यात.