ॲल्युमिनियमच्या भट्टीत वीज वाचवायची तर कॅथोड बदला का ॲनोड?

एक किलो ॲल्युमिनियम काढायले साधारण १४ युनिट वीज लागते भाऊ, म्हणजे वावरातली ५ एचपीची मोटर तीन-चार तास चालली समजा.

भट्टीत खाली कार्बनचा कॅथोड (विजेचं ऋण टोक), वर कार्बनचे ॲनोड (धन टोक), मधात ९६० डिग्रीच्या आसपास तापलेला क्रायोलाइट (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड ज्याच्यात विरघळवतात तो वितळलेला क्षार), आन त्या चार-पाच सेंटीमीटरच्या गॅपमधेच लय वीज नुसती गरमीत जाते. टायटॅनियम डायबोराइडचा (एक कडक सिरॅमिक) कॅथोड लावला तर पातळ ॲल्युमिनियम त्याले चिकटून सपाट पसरते, साध्या कार्बनवर ते पसरतच नाही, म्हणून जाड थर ठेवा लागते आन करंटच्या चुंबकानं त्याच्यात लाटा उठतात. लाटा गेल्या का ॲनोड खाली आणता येते, व्होल्टेज कमी. फक्त माल महाग, आन तडकते.

इनर्ट ॲनोडचा, म्हणजे कार्बनच्या जागी न जळणाऱ्या मालाच्या ॲनोडचा, गाजावाजा जास्त. कार्बन जळत नाही, कार्बन डायऑक्साइडच्या जागी ऑक्सिजन निघते, भारीच. पण जळणारा कार्बन विजेले हातभार लावत होता ना बावा! थेअरीत १.२ व्होल्टचं काम २.२ वर जाते. म्हणजे विजेसाठी मले कॅथोडच पटते. आन वीजच कोळशाची असन तर धूर तिकडं पॉवर प्लँटातून निघनच.